वेबसाइटच्या आयडियाचं पेटंट मिळतं का? (आणि जाऊबाईंच्या भावाकडून सही कशी घ्यायची?)

पत्र थोडक्यात: कराडकडच्या एका ताईंनी लिहिलंय, नाव देत नाही. वय ३४, बी.कॉम. झालेलं. मिस्टरांच्या दोन पिकअप आहेत, रात्री भाजी भरून वाशी मार्केटला जातात आणि सकाळी माल उतरवला की बहुतेक वेळा रिकाम्याच परत येतात. गाड्यांचा हिशेब ताईच ठेवतात, त्यामुळे रिकाम्या फेरीचं डिझेल आणि टोल त्यांच्या डोळ्यांना रोज टोचतो. त्यातून त्यांना वेबसाइट सुचली, मुंबई-नवी मुंबईहून रिकाम्या परतणाऱ्या छोट्या गाड्या आणि सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरकडे थोडाथोडका माल पाठवणारे दुकानदार यांची गाठ घालून देणारी. बरेच महिने झाले, मिस्टर आणि एक चुलत दीर सोडून कुणाला काही सांगितलेलं नाही. वेबसाइट बनवणार आहे जाऊबाईंचा भाऊ, तो पुण्यात आयटी कंपनीत आहे, पण काय बनवायचंय हे त्यालाही अजून सांगितलेलं नाही. एक एजंट 'वेबसाइटचं पेटंट' काढून द्यायचे ५५ हजार मागतोय, त्यात म्हणे 'ऑल इंडिया आणि वर्ल्ड' दोन्ही होईल. चुलत दीर म्हणतात एवढा खर्च कशाला, सगळं कागदावर लिहा आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका. ताईंचा प्रश्न असा की आधी पेटंट काढू की आधी वेबसाइट, आणि आयडिया कुणी उचलली तर माझ्याकडे काय उरेल?

---

ताई, पहिलं सांगते, ते ५५ हजार देऊ नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको.

'वर्ल्ड पेटंट' नावाची गोष्ट जगात नाही. पेटंट देशागणिक मिळतं, भारतातलं भारतात चालतं. पीसीटी म्हणून एक आंतरराष्ट्रीय अर्ज असतो, पण तो नुसता अर्ज असतो, पुढे ज्या ज्या देशात पाहिजे तिथे वेगळी फी आणि वेगळी तपासणी असतेच. ही साधी गोष्ट तुमच्या एजंटला माहीत नसेल तर तो एजंट कसला, आणि माहीत असून तो तसं म्हणाला असेल तर मग बोलायलाच नको. त्याला त्याचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा. पेटंट एजंट व्हायला सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री लागते, सरकारची परीक्षा पास व्हावी लागते, मग 'आयएन/पीए' ने सुरू होणारा नंबर मिळतो आणि ही यादी पेटंट ऑफिसच्या साइटवर कुणालाही बघता येते. सरकारी फीचंही सांगते. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाची फी १,६०० रुपये आणि तपासणीसाठीची ४,०००. बाकी सगळी लिहिणाऱ्याची फी. चांगलं लिहिणारा माणूस पैसे घेणारच आणि घ्यावेतच, पण जे मिळणारच नाही त्याचे कशाला द्यायचे?

आता मिळणार का नाही ते बघू. आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या, कलम ३ मध्ये 'याला आविष्कार म्हणायचं नाही' अशी एक यादी आहे. त्यातलं ३(के) तुमच्या कामाचं, गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. तुमची आयडिया वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट मला ती आवडली, पण रिकाम्या गाडीवाल्याची आणि मालवाल्याची गाठ घालून द्यायची आणि मध्ये थोडं कमिशन ठेवायचं ही शुद्ध धंद्याची पद्धत झाली. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन घेऊन बसलेला दलाल वर्षानुवर्षं हेच करतोय की, तुम्ही ते वेबसाइटवर आणताय.

अगदी असाच प्रश्न अमेरिकेत २०१४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टापुढे गेला होता, ॲलिस नावाच्या कंपनीची केस. व्यवहारात दोन पार्ट्यांच्या मध्ये कॉम्प्युटर बसवायचा म्हणजे एकाने पैसे दिले आणि दुसऱ्याने टांग मारली असं होणार नाही, अशी काहीशी पेटंटं त्यांच्याकडे होती. कोर्ट म्हणालं मधला माणूस ही जुनीच कल्पना आहे, ती साध्या कॉम्प्युटरवर चढवली म्हणून नवा शोध होत नाही. आणि पेटंट रद्द. तेही अमेरिकेत, जिथे त्याआधी धंद्याच्या पद्धतींवर बऱ्यापैकी हात सैल सोडून पेटंटं देत होते.

मग लोक मला विचारतात की अमेझॉनला कसं मिळालं? एका क्लिकमध्ये खरेदी, त्याचं पेटंट त्यांना १९९९ ला मिळालं होतं हे खरंय, आणि त्यावरून त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकवाल्यांना कोर्टात खेचलं, मनाईचा हुकूमही मिळवला, तो २००१ ला वरच्या कोर्टाने उठवला, पुढच्या वर्षी दोघांनी आपसात मिटवलं. युरोपच्या पेटंट ऑफिसने तर तेच पेटंट द्यायला नकार दिला. २०१७ ला त्याची मुदतही संपली. म्हणजे उदाहरण आहे, पण ते दुसऱ्या देशाचं, दुसऱ्या काळाचं आणि वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीचं आहे. त्यावरून आपला हिशेब मांडायचा नाही.

भारतात वेबशी संबंधित पेटंट मिळतच नाही असंही नाही हां. फरीद अल्लानी यांची केस बघा. इंटरनेटवरची माहिती आणि सेवा यांच्यापर्यंत पोहोचायची एक पद्धत आणि यंत्रणा असा त्यांचा अर्ज होता, २००२ सालचा. तो फेटाळला गेला, अपिलात फेटाळला गेला, मग डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की सॉफ्टवेअर दिसलं की लगेच नाही म्हणायचं नाही, त्यातून तांत्रिक परिणाम साधतोय का ते तपासा. शेवटी २०२० ला मंजूर झालं. अर्जापासून अठरा वर्षं गेली, आणि पेटंटची मुदत असते एकूण वीस वर्षं, तीही अर्जापासून मोजायची.

तांत्रिक परिणाम म्हणजे काय? समजा घाटात नेटवर्क जातं तेव्हाही गाडीचं लोकेशन अगदी कमी डेटात आणि आजवर कुणी केलं नाही अशा पद्धतीने पोहोचवायची काही युक्ती जाऊबाईंच्या त्या भावाने शोधून काढली, तर त्या युक्तीबद्दल पेटंट एजंटकडे जाऊन बोलता येईल. 'रिटर्न भाडं मिळवून देणारी वेबसाइट' याबद्दल नाही.

आता जरा तुमच्या मनातल्या गोष्टींकडे येते, कारण पत्र वाचताना मला कायद्यापेक्षा त्याच जास्त खटकल्या.

तुम्हाला वाटतंय की पेटंट काढलं की आयडिया कुलपात गेली. ताई, होतं नेमकं उलटं. पेटंटचा अर्ज अठरा महिन्यांनी छापून जगासमोर ठेवतात, कुणीही घरबसल्या तो वाचू शकतं. सरकारचा सौदाच तो आहे, तू सगळं उघड करून सांग, बदल्यात काही वर्षं तुझा हक्क. म्हणजे जी गोष्ट तुम्ही सख्ख्या जाऊबाईंना सांगत नाही ती पेटंट ऑफिस सगळ्यांना सांगणार, आणि ३(के) खाली अर्ज फेटाळला गेला तर हक्कही नाही आणि गुपितही नाही. आणि मिळालं असं धरून चालू, तरी ते मोडणाऱ्याला पोलीस उचलत नाहीत, तुम्हालाच कोर्टात जावं लागतं. दोन पिकअपच्या धंद्यातून तो खर्च निघेल का, हे हिशेब ठेवणाऱ्या तुम्हीच मला सांगा.

दुसरं, 'हे आजवर कुणी केलंच नाही' असं तुम्ही दोनदा लिहिलंय. शोधलंत का? मोठ्या ट्रकांना लोड मिळवून देणारी ॲप्स आपल्याकडे बरीच वर्षं चालू आहेत. एक रविवार काढा, मोबाईलवर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत शोधा, पेटंट ऑफिसच्या साइटवरचा सर्चही फुकट आहे तो बघा. कुणीतरी सापडेलच. सापडलं म्हणून खचू नका, तो काय करत नाही ते बघा. कंटेनर आणि मोठे ट्रक हाताळणाऱ्याला वाशीहून उंब्रजला जायचे प्लास्टिकचे सहा क्रेट आणि हार्डवेअरच्या दोन पेट्या यांत काडीचा रस नसतो. तुम्हाला आहे. कुठल्या गाळ्यावर किती वाजता गाडी मोकळी होते, कुठला ड्रायव्हर सांगितलेल्या वेळेला निघतो आणि कुठला खंबाटकीच्या अलीकडे तीन तास झोपतो, हे तुमच्या वहीत आहे आणि ते कुठल्याच आयटीवाल्याला माहीत नाही. चोरायला अवघड आहे ते हे. वेबसाइट तर काय, चालायला लागली की बघून बघून कुणीही तशी बनवेल, कायद्याने त्याला तुम्ही अडवूही शकणार नाही, फक्त तुमचा कोड, तुमचा मजकूर, तुमचे फोटो त्याने जसेच्या तसे उचलता कामा नयेत. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडली कशी त्यावर असतो, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच आर. जी. आनंद यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय.

तिसरं, आणि इथे मी जरा वेळ थांबणार आहे. तुम्ही बाहेरच्या चोराला घाबरताय आणि घरातलं कागदपत्र मोकळंच सोडताय. जाऊबाईंचा भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही, सुटीच्या दिवशी बसून काम करून द्यायला तयार आहे म्हणजे चांगलाच असणार. पण कायदा काय म्हणतो ते ऐका. तुमच्या पगारावर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला तर तो मालकाचा. बाहेरच्या माणसाने, फ्रीलान्सवाल्याने किंवा नातेवाइकाने लिहून दिला तर कोडचा पहिला मालक तो स्वतः, तुम्ही पैसे दिले असले तरी. तो हक्क तुमच्याकडे यायला लेखी करार लागतो, तोंडी चालत नाही. आणि नुसतं 'सर्व हक्क दिले' असं लिहूनही भागत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तो परत जातो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून मसुदा साधारण असा करा आणि वकिलाकडून एकदा नजरेखालून घालून घ्या:

"या वेबसाइटसाठी मी लिहिलेला सर्व कोड, डिझाइन व मजकूर यांचे कॉपीराइटचे सर्व हक्क मी रु. ______ इतक्या मोबदल्यात श्रीमती ______ यांना कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी हस्तांतरित करत आहे. हक्क एक वर्षात न वापरल्यास ते संपुष्टात येतील ही तरतूद या कराराला लागू राहणार नाही. कामाच्या निमित्ताने समजलेली माहिती, ग्राहकांची व वाहनमालकांची यादी मी कुणाला देणार नाही व स्वतःसाठी वापरणार नाही."

मोबदल्याची जागा मोकळी ठेवू नका. "ताई, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे" असं तो म्हणणार, नक्की म्हणणार, तरी घ्यायला लावा आणि बँकेतून द्या. किंवा त्याला पुढे भागीदारी हवी असेल तर किती टक्के ते आत्ताच ठरवा, वेबसाइट चालायला लागल्यावर ते बोलणं दिवाळीच्या फराळावर होतं आणि मग दोन घरांचं बोलणं बंद होतं. सही मागायचा संकोच वाटतो तर वकिलावर ढकला, "उद्या लोन काढायचं झालं तर बँक कागद मागेल असं वकील म्हणाले" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही. जाऊबाईंच्या मार्फत मात्र मागू नका, थेट त्याच्याशी बोला.

अजून एक, तो कंपनीत नोकरीला आहे. बऱ्याच आयटी कंपन्यांच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं की बाहेरचं काम करायचं नाही किंवा नोकरीत असताना जे बनवशील ते कंपनीचं. त्याला त्याचं लेटर काढून वाचायला सांगा, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तुमची एक ओळही लिहायची नाही.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्या ईमेलने, तुमच्या मोबाईल नंबरवर घ्या. हे फार जण करत नाहीत. बनवणारा पोरगा सोयीसाठी स्वतःच्या जीमेलवरून घेतो, दोन वर्षांनी तो बंगळूरला जातो, नंबर बदलतो, रिन्यूचा मेल त्याच्याकडे आणि ओटीपी बंद नंबरवर. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), कोड ठेवलेलं अकाउंट, पेमेंटचं अकाउंट, सगळं तुमच्या नावावर आणि त्याला फक्त काम करायची परवानगी.

मग आयडिया कुणाला सांगायचीच नाही का? सांगा, पण गुपित म्हणून सांगताय हे आधी नोंदवून सांगा. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि उदाहरण मुंबईचंच आहे. सनडायल कम्युनिकेशन्स नावाच्या कंपनीने एका टीव्ही मालिकेची कल्पना झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती, पुढे तशीच मालिका येतेय म्हणून वाद झाला आणि २००३ साली मुंबई हायकोर्टाने सनडायलची बाजू उचलून धरली, कारण कल्पना नीट कागदावर मांडलेली होती आणि विश्वासाने सांगितलेली होती. पेटंट वगैरे काही नव्हतं तिथे. तेव्हा कुणाशीही भेटीआधी एक मेल टाका की अमुक तारखेला मी जे दाखवणार आहे ते गोपनीय आहे, भेटीनंतर काय दाखवलं त्याचा दुसरा मेल. पोर्टलमध्ये पैसे घालतो म्हणणारा कुणी भेटला तर गोपनीयतेच्या करारावर सही मागा. मोठे गुंतवणूकदार पहिल्या भेटीला सही करत नाहीत हेही सांगून ठेवते, त्यांच्यापुढे मग धंदा काय आहे ते सांगायचं, ड्रायव्हरांची वही उघडायची नाही.

फेसबुकचं भांडण मिस्टरांनी तुम्हाला सांगितलं म्हणता, ते याच जातीचं. विंकलव्हॉस भावांची तक्रार अशी होती की आम्ही मार्क झुकरबर्गला आमच्या साइटचं कोडिंग करायला घेतलं आणि याने स्वतःचीच काढली. २००८ मध्ये तडजोड झाली, रोख आणि शेअर मिळून साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास. भांडण होतं साइट बनवणाऱ्याशी काय ठरलं होतं त्याचं.

रजिस्टर पोस्टाचं पाकीट पेटंटच्या कामाचं शून्य. आपल्याकडे कुणाला आधी सुचलं याला किंमत नाही, अर्ज आधी कुणी केला ते बघतात. ते पोस्टाचे पैसे वाचवा.

नावाचा ट्रेडमार्क मात्र जरूर काढा. त्यात धंद्यांचे वर्ग पाडलेले असतात, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये, वाहतुकीचा वर्ग ३९. दहा वर्षं चालतो आणि कितीही वेळा वाढवता येतो, पेटंटसारखा संपत नाही. डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं हे सुप्रीम कोर्टाने २००४ ला सिफी या इंटरनेट कंपनीच्या केसमध्ये मान्य केलंय. फक्त नाव 'रिटर्न भाडे डॉट कॉम' छापाचं ठेवू नका, धंद्याचं नुसतं वर्णन करणारं नाव रजिस्टर व्हायला त्रास होतो. आणि उत्साहात वेबसाइटवर 'पेटंटेड' लिहू नका, नसलेलं पेटंट आहे म्हणून सांगितलं तर दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आधी काय, पेटंट की वेबसाइट, असं विचारलंत. मी म्हणेन आधी व्हॉट्सॲप ग्रुप. ओळखीच्या दहा-बारा गाड्या आणि वाशीचे पाच-सहा व्यापारी, महिनाभर तुम्ही स्वतः फोनवर गाठी घाला. माल फुटला तर भरून कोण देणार, भाडं आगाऊ की पोहोचल्यावर, गाडीवाल्याने पुढच्या वेळी तुम्हाला वगळून व्यापाऱ्याला थेट फोन केला तर काय, हे प्रश्न तिथे उघडे पडतील. शेवटचा तर मला आयडियाच्या चोरीपेक्षा मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तर सापडल्याशिवाय वेबसाइटवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बाकी वाचकांसाठी एक. तुमचं वेबसाइटचं नसून यंत्राचं असेल, कांदा प्रतवारीचं मशीन म्हणा, ठिबकचा नवा व्हॉल्व्ह म्हणा, तर वरचं सगळं उलटं वाचायचं. तिथे पेटंट मिळू शकतं आणि तिथे गप्प बसणंच शहाणपणाचं, कारण अर्जाआधी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला तर आपणच आपलं नवेपण घालवतो. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकून ठेवा, तारीख तुमची होते आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. महाराष्ट्र-गोव्याचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे पण जायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता घेतली असेल तर सरकारने नेमलेले मदतनीस एजंट मिळतात, त्यांची फी सरकार देतं आणि तुम्ही फक्त अर्जाची सरकारी फी भरायची, ती यादीही पेटंट ऑफिसच्या साइटवरच आहे.